रविवर्म्याची सही दिसली म्हणून चित्र मूळ ठरत नाही

बडोद्यातल्या मराठी घरांत सध्या एक मेसेज फिरतोय. देवघरातल्या जुन्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रावर राजा रविवर्म्याची सही असेल तर ते हाताने रंगवलेलं मूळ चित्र, बडोद्यात सापडलं म्हणजे राजवाड्यातलंच, ओल्या फडक्यानं पुसून लॅमिनेट करा, लाखो रुपये मिळतील. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि पुसण्याच्या सल्ल्यानं तर चित्र कायमचं जातं.

आधी सही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मूळ चित्रावरून कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करत आणि एकाच कागदावर ते रंग एकामागोमाग छापत. चित्राबरोबर सहीही छापली जाई. सहीशेजारी सन असेल तर तो मूळ चित्राचा, छपाईचा नव्हे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, छपाई त्यानंतरही चालू राहिली.

राजवाड्याचा धागा खरा आहे, पण तो वेगळा. १८८१ मध्ये सयाजीरावांच्या राज्याधिकार-समारंभासाठी रविवर्मा बडोद्याला आले, नंतर त्यांनी दरबारासाठी १४ पौराणिक चित्रं रंगवली. ती तैलचित्रं राजघराण्याच्या संग्रहातली. आपल्या आजीच्या भिंतीवरची तसबीर बाजारातून आलेली असते, आणि म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही: देवांचे हे चेहरे घराघरांत पोचले ते या कागदांमुळेच.

ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि देवीच्या गालावर धरा. सावलीच्या जागी वेगवेगळ्या रंगांचे बारीक, कमीजास्त आकाराचे ठिपके दिसले तर शिळाछाप. ठिपके एकसारखे, ओळीत, फुलासारखी नक्षी करणारे असतील तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. हाताच्या रंगात ठिपके नसतात, कुंचल्याचे फटकारे दिसतात. काही छापांवर कॅनव्हासची वीण दाबून उठवलेली असते, तिला फसू नका: ती सगळीकडे सारख्याच खोलीची असते. खऱ्या तैलचित्रात जाड रंगाखाली वीण बुजलेली असते. मग खालची कड पाहा. तिथे चित्राचं आणि छापखान्याचं नाव असतं, पण फ्रेमवाल्यांनी बऱ्याचदा तीच पट्टी कापून टाकलेली असते. नवी फ्रेम करताना कड कापू नका, हे फ्रेमवाल्याला आधीच बजावा.

आता ओलं फडकं. कागद पाणी पितो, फुगतो आणि वाळताना सुरकुततो. वरच्या व्हार्निशवर पांढुरके डाग पडतात. कुणी हौसेनं जरतार, टिकल्या लावल्या असतील तर त्यांचा डिंक सुटतो, जरतार काळी पडते. लिंबाचा रस तर कागदच खातो. कोरड्या, मऊ, रुंद ब्रशनं मधून कडेकडे धूळ झटकायची, बस. पिवळं पडलेलं व्हार्निश घरी काढायला जाऊ नका.

लॅमिनेशनमध्ये उष्णतेनं वितळलेला गोंद कागदात मुरतो, तो परत निघत नाही. त्याऐवजी मागचा जुना पुठ्ठा किंवा फळी बदलून घ्या. त्यांच्यातलं आम्ल कागदाला तपकिरी करतं, म्हणून आम्लमुक्त पुठ्ठा मागा. काच आणि चित्र यांत माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी. काच टेकली की पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीशी हवा खेळते. ओल येणारी बाहेरची भिंत टाळा.

किमतीचं थोडक्यात: छापाचा भाव शाबूत कड, रंगांचा ताजेपणा आणि छपाईचा काळ यांवर ठरतो, सहीवर नाही. आणि समजा चित्र खरोखर तैलचित्र निघालंच, तर रविवर्म्याच्या कलाकृती १९७९ पासून कायद्याने संरक्षित आहेत, त्या विकायला देशाबाहेर नेता येत नाहीत.

कागद आधीच काचेला चिकटला असेल तर ओढू नका, रंगाचा थर काचेवर राहतो. काचेसकट सपाट ठेवा आणि तसंच कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.