सुटा कोनमापक मिळणार नाही

आमच्या घरात चार कंपासपेट्या आहेत. चारींत मिळून गुण्ये आठ, कोनमापक शून्य. नववीतल्या कन्येचा गृहपाठ अडला म्हणून काल संध्याकाळी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, वह्या-पुस्तकांच्या दुकानात गेलो. गाडी लावली जवळजवळ शनिवारवाड्यापाशी.

"सुटा मिळणार नाही. अख्खी पेटी घ्या."

म्हणजे आणखी दोन गुण्ये! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला थांबलेले आजोबा वळले.

"कितवीला?"

"मुलगी नववीला."

"कोन मोजायचाय की काढायचाय? पुस्तकातल्या आकृत्या मापात नसतात. कोनमापक लावलात की फसलात!"

त्यांनी माझ्या खिशातलं पेन उपसलं, झेरॉक्स उलटी केली, त्रिकोण काढला आणि पाया उजवीकडे लांबवला. "हा बाह्यकोन ११०. डावीकडचा आंतरकोन ४५. वरचा किती?"

मागे सात-आठ गिऱ्हाईकं. सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत. मी मनात मांडलं : ११० च्या शेजारचा ७०, रेषीय जोडी, दोघांची बेरीज १८०. ७० नि ४५, ११५. १८० तून ११५ गेले...

"६५!" मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

"द्राविडी प्राणायाम! अहो, बाह्यकोन म्हणजे लांबच्या दोन, दूरस्थ आंतरकोनांची बेरीज. ११० वजा ४५, झालं. शेजारच्या कोनाला उठवायचं कारणच काय?"

"पण उत्तर बरोबर आलं ना?"

"येणारच. अलका चौकातून मंडईत कात्रजमार्गे गेलात तरी पोचताच की!"

अख्खं दुकान हसलं. दुकानदारसुद्धा, ज्याला पेटीची किंमत सांगतानाही ओठ हलवायचा कंटाळा होता. मागची एक कॉलेजकन्यका म्हणाली, "आजोबांची मेथड सोपी आहे." हिला कुणी विचारलं होतं?

माझं वय सत्तेचाळीस. घराचे हप्ते वेळेवर भरतो. तरी या शहरात पैसे देऊन वस्तू घ्यायची तर आधी तोंडी परीक्षा, तीही चारचौघांत, आणि उत्तर बरोबर येऊनही नापास. शिवाय पेन परत मिळालं नाही ते वेगळंच. नवीन होतं.

घरी येऊन कन्येला दूरस्थ आंतरकोन समजावायला बसलो.

"बाबा, त्रिकोण शाळेतच झाले. कोनमापक भूगोलाच्या विभाजित वर्तुळाला, म्हणजे पाय-चार्टला हवा होता."

म्हणजे कोन मोजायला नव्हे, काढायला हवा होता! आता परत जाऊन हे सांगायचं तर आजोबा सापडायला हवेत. त्यांचा दाखला वर्षातून एकदाच लागतो.