तलावाकाठचा धूर आणि शिवाजी पार्कातली गर्दी

नोव्हेंबर संपत आला की आमच्या दादरच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेले मेसेज फिरायला लागतात. 6 डिसेंबरला गाडी बाहेर काढू नका, पार्काकडे फिरकू नका, जमलं तर दोन दिवस पुण्याला जाऊन या. त्यामागोमाग कचऱ्याचे फोटो येतात आणि ‘फुकट प्रवास करून येतात’ हे वाक्यही येतं. याच ग्रुपवर जून महिन्यात आम्हा अमेरिकेतल्यांपैकी कुणी कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या जूनटीन्थचे फोटो टाकले की मात्र सगळ्यांना भरून येतं. ‘काय सुंदर एकोपा आहे’ असं लिहिणारी माणसं तीच असतात.

जूनटीन्थ म्हणजे 19 जून. 1865 साली या दिवशी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन इथे गुलामांच्या मुक्तीची घोषणा वाचून दाखवली गेली. 2021 पासून ही राष्ट्रीय सुट्टी आहे. हा दिवस आणि 6 डिसेंबर एकसारखे नाहीत हे मला माहीत आहे. एक मुक्तीचा उत्सव, दुसरा महापरिनिर्वाणाचा, अभिवादनाचा दिवस. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक जागेतून हाकललं गेलं, ती माणसं शहराच्या मधोमध, उजळ माथ्याने, हजारोंनी एकत्र येतात, हे दोन्हीकडे आहे. आणि त्यावर कुरकुर करणाऱ्यांची भाषा तर थेट एकच आहे: घाण, आवाज, नियम.

मी ऑकलंडमध्ये राहते. आमच्या शहराच्या मध्यात लेक मेरिट नावाचा खाऱ्या पाण्याचा तलाव आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये या तलावाकाठी काही कृष्णवर्णीय पुरुष कोळशाची शेगडी लावून मांस भाजत होते. एका गोऱ्या बाईने पोलिसांना फोन केला. त्या ठिकाणी कोळशाच्या शेगडीला परवानगी नव्हती, म्हणजे नियम खरा होता. पण त्या तलावाकाठी वर्षानुवर्षं शेगड्या पेटत आल्या होत्या, आणि नियमाची आठवण नेमकी कुणाला पाहून झाली हे शहराला लगेच कळलं. व्हिडिओ देशभर पसरला. पुढच्याच महिन्यात हजारो लोक आपापल्या शेगड्या घेऊन त्याच काठावर आले, आणि त्यातून दरवर्षीचा मेळा सुरू झाला. मोर्चा काढून, निवेदन देऊनही निषेध करता आला असता. ऑकलंडने जेवण रांधून केला.

त्याआधी 2015 मध्येही असंच घडलं होतं. तलावाकाठी संध्याकाळी ढोल वाजवणाऱ्यांविरुद्ध पोलिसांना फोन गेला, आणि त्याच सुमारास एका जुन्या कृष्णवर्णीय चर्चला तिथल्या भजनांच्या आवाजाबद्दल महापालिकेचं दंडाची ताकीद देणारं पत्र आलं. चर्च तिथे कित्येक दशकं होतं. तक्रारी मात्र भाडी वाढल्यावर, नवे रहिवासी आल्यावर सुरू झाल्या. इथल्या आपल्या ढोल-ताशा पथकांना हे सहज कळायला हवं. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावू नयेत म्हणून सुट्टीच्या दिवशी ऑफिसांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करायची वेळ आपल्यावरही येते.

मेळ्याच्या दिवशी तलावावर जे दिसतं ते बातम्यांतून कळत नाही. सकाळी सातलाच म्हातारी माणसं येऊन झाडाखालची सावली धरतात, घडीच्या खुर्च्या गोलात मांडतात, कूलर मधे ठेवतात. पिंपाच्या आकाराच्या काळ्या शेगड्यांतून हिकरी लाकडाचा धूर निघतो. बरगड्यांवर सॉस चोपडणारे काका कुणाला मधे हात घालू देत नाहीत. एका टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या खाडखाड आपटल्या जात असतात. आपटल्याशिवाय तो खेळ खेळताच येत नाही असं वाटावं इतक्या जोरात. मग कुठल्यातरी गाडीच्या डिकीतून ओळखीचं गाणं सुरू होतं आणि सहा वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळे एका रांगेत तेच पाऊल, तेच वळण घेतात. शेजारच्या मांडवात मतदार नोंदणी चालू असते, पुढच्यात रक्तदाब तपासून देतात. कुणीही अनोळखी माणूस रेंगाळला तर त्याच्या हातात प्लेट येते. 6 डिसेंबरला पार्काच्या कडेने चालत गेलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. तिथेही पोळी-भाजीची पाकिटं वाटणारे हात असतात, मोफत तपासणीचे तंबू असतात, आणि ‘ताई, पाणी घ्या’ म्हणणारी पोरं असतात.

ऑकलंड 1966 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचं जन्मगाव ठरलं. ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काढलेल्या या पक्षाचं नाव काढलं की काळी जॅकेटं आणि बंदुका आठवतात. बंदुका होत्याच, ते झाकायचं कारण नाही. पण शहराच्या रोजच्या जगण्यात जे उरलं ते वेगळं आहे. 55 वा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या चौकात शाळेला जाणाऱ्या मुलांना गाड्यांची धडक बसायची. नगरपालिका सिग्नल बसवत नव्हती. पँथर कार्यकर्ते स्वतः रस्त्यात उभे राहून मुलांना पलीकडे नेऊ लागले, आणि ऑगस्ट 1967 मध्ये तिथे सिग्नल बसला. आज तिथे त्याची नोंद करणारी पाटी आहे. 1969 च्या जानेवारीत पश्चिम ऑकलंडमधल्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये त्यांनी मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली: अंडी, टोस्ट, दूध, ग्रिट्स म्हणजे मक्याची जाडसर लापशी. वर्षभरात हे काम कितीतरी शहरांत पोचलं. सरकारी शाळांतली न्याहारीची योजना तेव्हा प्रायोगिक होती, ती 1975 मध्ये कायमची झाली. सगळं श्रेय पँथरना देता येणार नाही, पण उपाशी पोराला गणित कळत नाही हे देशाला त्यांनी ठणकावून सांगितलं.

1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच नावाने. आणि धागा त्याहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, ते विद्यापीठ न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून आहे. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. दलितांसाठी तसंच पाऊल उचलावं असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे ऑकलंड आणि दादर यांची तुलना मी ओढूनताणून करत नाही. आपल्या थोर माणसांनी ती केव्हाच केलेली आहे.

घरून येणारा एक आक्षेप मी मनापासून मान्य करते. आवाजाचा. डीजेच्या भिंतींनी छातीत धडकी भरते, तान्ह्या बाळांना आणि हृदयरोग्यांना त्रास होतो, लेझरने डोळ्यांना इजा होते. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके पंधरा दिवस बारापर्यंत सूट. ते कडक लावा. गणपतीला, नवरात्राला, लग्नाच्या वरातीला, जयंतीला, सगळ्यांना एकाच मापाने लावा. मला चीड येते ती डेसिबलचं मीटर एखाद्याच मिरवणुकीत बाहेर निघतं तेव्हा. ऑकलंडलाही खरे प्रश्न आहेत. 2021 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये जूनटीन्थच्या संध्याकाळी तलावाकाठी गोळीबार झाला. 2021 मध्ये एक तरुण जिवानिशी गेला. लोक हादरले, चिडले, बंदोबस्तावरून भांडले. पण ‘यांचं हे असंच असतं, बंदच करा’ हा सूर शहराने चालू दिला नाही. सुरक्षितता मागायची ती मेळ्यासाठी, मेळ्याविरुद्ध नव्हे, हे इथल्या आयाबायांनी सभांमधून ठणकावलं.

दुसरा वाद मला जास्त गुंतागुंतीचा वाटतो: इंदू मिलचं स्मारक हवं, की त्या पैशात वसतिगृहं? ऑकलंडकडे पाहिलं तर दोन्ही बाजूंना बळ मिळतं. पश्चिम ऑकलंडमधला सेव्हन्थ स्ट्रीट एकेकाळी ब्लूज क्लबांनी गजबजलेला होता. रेल्वेच्या डब्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या युनियनचं पश्चिम किनाऱ्यावरचं ठाणं तिथेच होतं, सी. एल. डेलम्स यांच्या नेतृत्वाखाली. मग वस्ती चिरत दुमजली महामार्ग आला, टपाल कार्यालयासाठी घरं पाडली, वरून लोकलचा मार्ग गेला. 1989 च्या भूकंपात महामार्ग कोसळला तेव्हा रहिवासी लढले आणि तो पुन्हा वस्तीतून नेऊ दिला नाही. आज त्या जागी झाडांचा मंडेला पार्कवे आहे, जवळच न्यूटन यांचा अर्धपुतळा आहे, पँथर स्त्रियांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. हे सगळं अभिमानाचं आहे. पण 1980 साली या शहरात जवळजवळ निम्मी माणसं कृष्णवर्णीय होती, 2020 च्या जनगणनेत ती पाव हिश्शाहून कमी झाली. भिंतीवर चित्र आलं तोवर भिंतीमागचं कुटुंब भाडं परवडेना म्हणून दीडशे किलोमीटर दूर गेलं होतं. नुसतं स्मारक पुरत नाही ते असं. पण ज्या वस्तीतून स्मृतीच पुसली गेली तिथे घरांची मागणी करायला माणसं तरी कुठून जमणार? मंडेला पार्कवेसाठी लढणाऱ्यांना सेव्हन्थ स्ट्रीट आठवत होता.

वसतिगृहाचा मुद्दा पुढे करणाऱ्या माझ्या दादरच्या मित्रांना एवढंच विचारते: वसतिगृहातल्या मुलांचा निर्वाहभत्ता रखडतो तेव्हा ग्रुपवर एक तरी मेसेज येतो का? चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा अशी मोहीम चालते, ती तिथे येणाऱ्या लोकांनीच उभी केली आहे. पुस्तकांच्या स्टॉलवर मजूर बाया पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तक घेतात, हे पाहत मी दादरला वाढले. ऑकलंडमध्ये मार्कस बुक्स हे दुकान आहे, 1960 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं, देशातलं सर्वांत जुनं कृष्णवर्णीय पुस्तकांचं दुकान. भाडी वाढत गेली, ऑनलाइन विक्री आली, तरी लोकांनी ते जगवलं. दोन्ही ठिकाणी पुस्तक विकत घेणं हा सणाचाच भाग आहे.

आता आम्हा इकडच्यांचं. भारतातून वर्षाला 100 माणसं, एवढाच कोटा 1946 च्या कायद्याने दिला होता. तो 1965 च्या कायद्याने उठला, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत झाला. आमचे व्हिसा, आमची घरं, आमच्या मुलांच्या शाळा त्या लढ्यावर उभ्या आहेत. तरीही नवीन आलेल्या मराठी जोडप्याला आम्ही पहिला सल्ला देतो तो ‘त्या बाजूला घर बघू नका’ हा. आणि 2023 मध्ये कॅलिफोर्नियात जातीय भेदभावाविरुद्धचं एसबी 403 विधेयक आलं, तेव्हा त्याला विरोध करायला आपलीच माणसं पुढे होती. विधिमंडळाने ते मंजूर केलं, राज्यपाल न्यूसम यांनी आत्ताचे कायदे पुरेसे आहेत म्हणत नाकारलं. सिएटलने त्याच वर्षी फेब्रुवारीत असा नियम केला होता. मला तो इथेही हवा आहे. इथे जात नाहीच, तर कायद्याने कुणाचं बिघडतं? आणि असेल, तर तो हवाच.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी लेखी प्रस्ताव देणार आहे. 14 एप्रिलचा कार्यक्रम यंदा हॉलमध्ये नको, ऑकलंडमध्ये करू. सकाळी मुलांना घेऊन 55 व्या रस्त्यावरच्या सिग्नलपाशी, मग मार्कस बुक्समध्ये, प्रत्येकाने एक तरी पुस्तक घ्यायचं, मग तलावाकाठी जेवण. इथल्या आंबेडकरी संघटनांना पाहुणे म्हणून नव्हे, यजमान म्हणून बोलवायचं. आणि एसबी 403 सारखा कायदा पुन्हा आला तर मंडळाने त्याला जाहीर पाठिंबा द्यावा, हा ठराव त्याच दिवशी, तिथेच, हात वर करून मतदानाला टाकायचा.