सोसायटी, सासूबाई आणि मी पान २६० वर

मला एक व्यसन आहे आणि ते घरात कोणाला धड समजावून सांगता येत नाही. तंबाखू असती तर परवडली असती, निदान लोकांना कळली तरी असती. मला जेन ॲन क्रेंट्झच्या कादंबऱ्या लागतात. म्हणजे कशा, तर एक खून, एक प्रेमप्रकरण, आणि त्या प्रेमप्रकरणातल्या एकाला तरी (बहुतेक वेळा दोघांनाही) काहीतरी अतींद्रिय शक्ती. कोणाला समोरच्याभोवतीचं तेजोवलय दिसतं, कोणाला समोरचा खोटं बोलतोय ते ऐकताक्षणी कळतं. नवऱ्याला एकदा हे सगळं हौसेने सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे भुताची लव्हस्टोरी." जाऊ दे. त्याला तेजोवलय काय दिसणार, सिंकच्या बाजूला ठेवलेला स्वतःचा डबा दिसत नाही.

बाई मात्र ग्रेट आहे हां. मूळची लायब्ररियन, सिॲटलला राहते आणि एकटी तीन नावांनी लिहिते. घोडागाड्या आणि गॅसचे दिवे असतील तर अमांडा क्विक, आजचा काळ असेल तर जेन ॲन क्रेंट्झ, आणि भविष्यात भलत्याच ग्रहावर काही चाललं असेल तर जेन कॅसल, त्यातलं कॅसल हे माहेरचं. मला लग्नानंतर आधार, पॅन आणि बँकेत एकच नाव आणता आणता दोन वर्षं गेली. आणि गंमत म्हणजे २००६ पासून तिने जी अर्केन सोसायटीची मालिका सुरू केली ती या तिन्ही नावांत वाटलेली आहे, खापरपणजोबा अमांडा क्विककडे, त्याचं खटलं पुढे क्रेंट्झकडे, आणि त्यांचे वंशज थेट हार्मनी नावाच्या ग्रहावर. वाचताना वंशावळ हाताशी ठेवावी लागते.

तर रविवार होता. नवरा मॅच बघायला मित्राकडे, मुलगा क्लासला, मी जेवणं उरकून पुस्तक घेऊन कॉटवर, आणि आई (म्हणजे सासूबाई) खाली बसून मटार सोलतायत.

"काय वाचतेस गं एवढं तोंड उघडं टाकून?"

"कादंबरी. अर्केन सोसायटीवर आहे."

"कुठे आली ही? कल्याणच्या बाजूला का?"

आता यावर हो म्हणून सोडून द्यायचं तर मी सांगत बसले. की ही तसली सोसायटी नव्हे आई, ही गुप्त मंडळी आहेत, सतराव्या शतकात सिल्वेस्टर जोन्स नावाच्या एका किमयागाराने स्थापलेली, त्याने अंगातली शक्ती वाढवायचा एक फॉर्म्युला शोधला होता आणि लोक अजून तो चोरायच्या मागे आहेत, आणि जो घेतो त्याचं डोकं फिरतं.

"मसाल्याच्या वहीसारखं," आई म्हणाल्या.

झालं. आमच्याकडे आजेसासूबाईंची गोड्या मसाल्याच्या प्रमाणांची एक वही आहे, ती थोरल्या काकूंनी कपाटात कुलपात ठेवलीय आणि त्यावरून दोन घरं वीस वर्षं एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत. मला तीन पुस्तकं वाचून जो गुंता कळला तो आईंना एका वाक्यात कळला. त्यापुढे त्यांना थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. कोण कोण आहे त्यात? मी म्हटलं नायक, नायिका, नायकाचा चुलतभाऊ, आणि एक वयस्कर सभ्य गृहस्थ आहे, खूप देणग्या देतो, नायिकेला घरी चहाला बोलावतो.

"तोच."

"तोच काय?"

"मारणारा. बायको कुठाय त्याची?"

मी पान ६० वर होते. बायकोचा पत्ता नव्हता. मी म्हटलं आई, अजून आलीच नाहीये ती. "बघ मग," म्हणून त्यांनी मटाराची शेंग फोडली. पान २१२ वर तो गृहस्थ निघाला आणि बायको सापडली, कुठे ते सांगत नाही. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता! या बाईच्या पुस्तकात असं करणाऱ्यांना सोसायटी मेंबर करून घेते, आमच्याकडे त्या भाजी निवडतात.

मग विषय बदलावा म्हणून मी हार्मनी ग्रहावरच्या डस्ट बनीची गोष्ट काढली. ते एक भलतं गोड जनावर आहे, धुळीच्या गुंतवळ्यासारखं दिसतं, सहा पाय, निळे निळे डोळे, पण शिकारीला निघालं की आणखी दोन डोळे उघडतात, पिवळसर, आणि दात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं, मग वाकून माझ्या कॉटखाली पाहिलं.

"इथे चार आहेत."

मी पुस्तकात तोंड घातलं. पान २६०. नायिका तळघरात, दिवे गेलेले, जिन्यावर कोणाची तरी पावलं, ती नायकाची की त्या दुसऱ्याची हे कळत नाहीये (मला कळत होतं, ते दोघं शेवटी लग्न करणार हे मला पान ५ पासून माहीत असतं, तरी माझे तळहात घामेजलेले) आणि नेमका तेव्हाच कुकर, त्यामागोमाग इस्त्रीवाला, त्यामागोमाग परत बेल. आई उठल्या. कुकर बंद केला, इस्त्रीवाल्याला पैसे दिले. दारात वॉचमन होता, टाकी भरायची आहे, कमिटीच्या मॅडमना विचारायचंय. कमिटीत मी आहे, हे माझं दुर्दैव.

"आत्ता नको," आई त्याला म्हणाल्या, "ती तळघरात अडकलीय. अंधार आहे. नंतर ये."

आणि दार लावून परत येऊन बसल्या. मी कृतज्ञतेने पुढची बारा पानं एका दमात वाचली, पावलं कोणाची ते कळलं, नायकाला अंधारात दिसतं हे किती सोयीचं असतं तेही पुन्हा एकदा कळलं, आणि आता मिठी पडणार तोच परत बेल वाजली.

वॉचमन. धापा टाकतोय, हातात टॉर्च, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"आजी, पंपरूम बघितली, टाकीत पण वाकून बघितलं. मॅडम कुठंच नाय."