क्रमवारी घसरली, पण नेमकी कुणाची?

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सार तेच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देशाच्या क्रमवारीत ३७ वरून ९१ वर आपटलं, म्हणून नाशिकच्या कॉलेजांतून मिळणाऱ्या त्याच्या पदवीला आता काडीची किंमत नाही. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विद्यापीठ तर क्रमवारीत शोधूनही सापडत नाहीत. संशोधनात खासगी विद्यापीठं केव्हाच पुढे गेली. परदेशात पुण्याची पदवी कुणी विचारत नाही. तेव्हा शहाण्या पालकाने खासगी विद्यापीठात जागा अडवून मोकळं व्हावं. खाली हात जोडलेली इमोजी आणि ‘जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा’.

यातला पहिला आकडा खरा आहे, आणि म्हणूनच बाकीचं सगळं खपून जातं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत पुणे विद्यापीठ २०२४ साली सर्वसाधारण गटात, म्हणजे सगळ्या प्रकारच्या संस्थांच्या एकत्र यादीत, ३७ वं होतं, २०२५ साली ९१ वं आलं. विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर, आणि राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या गटात तिसऱ्यावरून अकराव्यावर. ही एका वर्षाची ठेचही नाही. विद्यापीठ गटात २०२० मध्ये ९, २०२२ मध्ये १२, २०२३ मध्ये १९ असा उतार आधीपासून चालू होता. त्यामुळे ‘क्रमवाऱ्या काय, कशाही येतात’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांच्या बाजूलाही मला बसता येत नाही. घसरण झाली आहे आणि तिला कारणं आहेत.

पण घसरलं काय, ते पाहा. एनआयआरएफमध्ये गुण पाच खात्यांत वाटलेले असतात. विद्यापीठांसाठी अध्यापन आणि साधनसुविधांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुढे काय करतात याला २०, मुली, वंचित घटक आणि बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी किती याला १०, आणि उरलेले १० लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. पहिल्या खात्यात विद्यार्थी आणि शिक्षक यांचं प्रमाण मोजतात. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर त्या निकषाचे पूर्ण गुण, आणि पन्नासामागे एकसुद्धा नसेल तर थेट शून्य. आपल्या सरकारी विद्यापीठांत गेली कित्येक वर्षं काय चाललंय ते कुठल्याही विभागात जाऊन विचारा. प्राध्यापक निवृत्त होतात, निरोप समारंभ होतो, जागा तशीच राहते. तास कसेबसे तासिका तत्त्वावरची मुलं-मुली ओढतात. पद भरायला सरकारची मान्यता हवी, ती आली तर जाहिरात, जाहिरात आली तर निवड समितीचं घोडं अडतं. शिक्षक घटले की प्रमाण बिघडतं, पीएचडीधारक अनुभवी शिक्षकांचे गुण जातात, मार्गदर्शक कमी म्हणून पीएचडी कमी, म्हणून शोधनिबंध कमी. एक रिकामी खुर्ची अशी तीन-चार ठिकाणी गुण खाते. राग यायचाच असेल तर या रिकाम्या खुर्च्यांचा यावा. तो मजकूर मात्र सगळा राग सरळ प्रवेश अर्जाकडे वळवतो.

दुसरी गोष्ट, ५६ हा क्रमांक आहे, गुण नव्हेत. बंगळुरूची आयआयएससी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था, २०१६ पासून विद्यापीठ गटात पहिलीच आहे, तिचं आणि पन्नासाव्या विद्यापीठाचं अंतर मोठं आहे. पण पन्नासावं आणि शंभरावं यांच्यात गुणांचा फरक मोजकाच असतो. त्या दाटीत दोन-चार गुण गेले की डझनभर पायऱ्या खाली. शिवाय दुसरे पुढे सरकले तरीही आपण खाली दिसतो.

आता मजकुराचा कणा: विद्यापीठ घसरलं, म्हणून नाशिकच्या कॉलेजातली पदवी घसरली. इथे सगळी गफलत आहे. विद्यापीठ गटात क्रमांक देताना एनआयआरएफ पाहते ते विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांकडे, म्हणजे गणेशखिंडीतल्या आवाराकडे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली संलग्न महाविद्यालयं त्या हिशोबात धरलेलीच नसतात. कॉलेज रोडवर बीएस्सी करणारी मुलगी, सटाण्यात बीकॉम करणारा मुलगा, मनमाडचं कॉलेज, यातलं काहीच त्या ५६ मध्ये नाही. उद्या विद्यापीठ पाचवं आलं, तरी सटाण्याच्या त्या वर्गात एकही शिक्षक वाढणार नाही. कॉलेजांसाठी एनआयआरएफचा वेगळा गट आहे, ज्याला पाहायचं त्याने तिथे आपलं कॉलेज शोधावं.

एचपीटी आर्ट्स आणि आरवायके सायन्स कॉलेज १९२४ चं, पुणे विद्यापीठ १९४९ चं. म्हणजे नाशिकचं कॉलेज विद्यापीठापेक्षा पंचवीस वर्षांनी थोरलं, सुरुवातीला मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं. विद्यापीठ बदललं, विद्यापीठाचं नाव बदललं, कॉलेजाची पत त्याच्या शिक्षकांवर आणि प्रयोगशाळांवर राहिली. विद्यापीठाकडून कॉलेजला मिळतं ते अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि शेवटी प्रमाणपत्र. स्वायत्त महाविद्यालयं तर आता अभ्यासक्रम आणि परीक्षाही स्वतःच ठरवतात, विद्यापीठाकडे उरतं पदवी देणं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नतेची ही पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने मोडीत काढायचं म्हटलंय. ते कितपत होईल, याबद्दल मला शंका आहे, पण दिशा तीच.

विद्यापीठाशी नाशिककराचं खरं भांडण तर वेगळंच आहे, आणि ते कुठल्याच क्रमवारीत मोजलं जात नाही. निकाल उशिरा लागतो. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज टाकला तर उत्तर येईपर्यंत पुढची परीक्षा तोंडावर आलेली असते. २०१९ पॅटर्नचा, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाचा, बॅकलॉग राहिलेला मुलगा २०२४ पॅटर्नच्या गर्दीत आपला विषय शोधत बसतो. गुणपत्रिकेवरच्या नावातली चूक दुरुस्त करायला पुण्याची वारी. दिंडोरी तालुक्यात शिवनईला उपकेंद्राची जागा ठरून जमाना झाला, आणि तरी महत्त्वाच्या कामाला माणूस अजून पुण्याची एसटी बघतो. यावर मजकूर लिहा की. मी स्वतः पुढे पाठवीन.

मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विद्यापीठ यांच्याबद्दलची ओळ तर निव्वळ अज्ञानाची. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, गंगापूर धरणाच्या वाटेवरचं. मुक्त विद्यापीठांचा स्वतंत्र गट एनआयआरएफने सुरू केला तोच २०२४ मध्ये, आणि यादी दिली तीन नावांची. देशभरच्या मुक्त विद्यापीठांतली तीन नावं वगळता बाकी सगळी त्यात ‘दिसत नाहीत’. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या विनियमांप्रमाणे मान्यता असलेल्या दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरतात. पाहायचं ते एवढंच, की आपण घेतोय त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे ना. दिवसा सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करून रात्री पुस्तक उघडणाऱ्याला सर्वसाधारण गटाची यादी दाखवून काय उपयोग?

आणि म्हसरूळचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, स्थापना १९९८. मुंबईच्या केईएमला जोडलेलं सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचं बी. जे., लष्कराचं एएफएमसी, सगळ्यांची एमबीबीएसची पदवी दिंडोरी रोडवरच्या या विद्यापीठाची. राज्यभरचे डॉक्टर भिंतीवर जे प्रमाणपत्र लावतात त्यावर पत्ता नाशिकचा असतो. वैद्यकीय गटात एनआयआरएफ क्रमांक देते महाविद्यालयांना. परीक्षा घेणाऱ्या आणि संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाला त्या यादीत जागाच नाही. एएफएमसीत प्रवेश मिळालेल्या मुलाचा बाप ‘आरोग्य विद्यापीठाला रँक नाही’ म्हणून जागा सोडून आल्याचं अजून तरी कानावर नाही.

खासगी विद्यापीठं संशोधनात पुढे, हा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. काही खासगी आणि अभिमत विद्यापीठं खरोखरच वर आहेत, पैसा ओततात, तरुण संशोधक घेतात. पण ‘खासगी’ म्हणजे एक जात नव्हे. क्रमवारीतलं संशोधन मोजतात स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन साठ्यांतल्या शोधनिबंधांवरून आणि त्यांच्या उद्धरणांवरून, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या निबंधांत त्यांचा किती वेळा हवाला दिला त्यावरून. अशा मोजणीमुळे निबंधांचा रतीब घालण्याचा मोह होतो. मागे घेतल्या गेलेल्या निबंधांसाठी २०२५ पासून गुण कापायला लागले, ते उगाच नाही. दुसरीकडे, मराठी विभागातल्या एखाद्या अभ्यासकाने दहा वर्षं खपून जुन्या हस्तलिखिताची चिकित्सक आवृत्ती काढली, मराठी नियतकालिकात त्यावर लिहिलं, तर या तराजूत ते जवळपास शून्य. पुणे विद्यापीठाची बाजू घेणारेही इथे एक बनवाबनवी करतात: आयुका आमच्या आवारात आहे, असं सांगतात. आवारात आहे, विद्यापीठाचं नाही. आयुका हे खगोलशास्त्राचं स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र आहे, त्याचं काम विद्यापीठाच्या खात्यावर मांडता येत नाही.

खासगी विद्यापीठ असो की सरकारी कॉलेज, जाहिरातीपेक्षा एक कागद जास्त बोलतो. एनआयआरएफला दिलेली माहिती संस्थेला स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावी लागते, साधी पीडीएफ असते. उघडा. वरच्या तक्त्यात मंजूर जागा आणि प्रत्यक्षातले विद्यार्थी, त्यात मुली किती, शुल्कमाफी किती जणांना. मग नियत वर्षांत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले, आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार. हा मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला, नीट वाचा. फलकावर ज्या एका मुलाचं मोठं पॅकेज झळकतं त्याने मध्यक हलत नाही. शेवटी शिक्षकांची यादी: नाव, वय, पद, पदवी, अनुभवाचे महिने, रुजू झाल्याची तारीख, नेमणूक नियमित की कंत्राटी. मला सगळ्यात बोलका वाटतो तो तारखेचा रकाना. निम्म्या शिक्षकांच्या तारखा गेल्या वर्षभरातल्या असतील तर तिथे माणसं टिकत नाहीत, इतकं सरळ आहे. ही माहिती संस्थेनेच भरलेली असते, म्हणून डोळे झाकून विश्वास नको. पण स्वतःच लिहिलेल्या कागदावर प्रश्न विचारला की प्रवेश कक्षातल्या गोड बोलणाऱ्यांची भाषा बदलते.

त्या मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही ते सगळ्यात महाग पडू शकतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) जाणाऱ्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळाली. त्याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. व्यवस्थापन कोटाही वगळलाय. सिन्नरच्या एखाद्या कांदा उत्पादकाची या अटींत बसणारी मुलगी कॅप राउंडमधून नाशिकच्या संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजात गेली तर शिक्षण शुल्क शून्य. घाबरून आधीच खासगी विद्यापीठात जागा ‘अडवली’ तर चारही वर्षांचं शुल्क बापाच्या खिशातून. ज्याला परवडतं आणि ज्याने विभाग पाहून निवड केली आहे, त्याने खुशाल जावं. क्रमवारीच्या भीतीने जाऊ नये.

पदवीच्या किमतीचं म्हणाल तर कायद्यात रँक हा शब्दच नाही. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ मधून येतो. एमपीएससी, यूपीएससी, बँका विचारतात मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आहे का. मुलाखतीला बसलेला माणूस विचारतो, तुला काय येतं.

राहिला परदेशाचा मुद्दा. सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत क्यूएस ही जागतिक क्रमवारी बघतात, पण ती ज्या परदेशी विद्यापीठात जायचं त्याची. आपलं पदवीचं विद्यापीठ कितवं, हा प्रश्न तिथे येत नाही. जर्मनीला जाणाऱ्यांसाठी ॲनाबिन नावाची तिथली सरकारी सूची आहे, तीत विद्यापीठ मान्य आहे की नाही एवढंच पाहतात, आणि भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याचं, प्रमाणपत्र लागतं. कॅनडा-अमेरिकेसाठी डब्ल्यूईएससारख्या संस्था पदवीचं मूल्यमापन करतात, त्याही मान्यता आणि गुणपत्रिका तपासतात. अर्ज अडतात ते ट्रान्सक्रिप्टपाशी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या एकत्रित अधिकृत उताऱ्यापाशी. शेवटच्या वर्षाचा निकाल हातात नाही, एका सत्राच्या गुणपत्रिकेत आईचं नाव चुकलंय, बॅकलॉग सुटल्याची नोंद वेगळ्या कागदावर आहे. ज्यांना बाहेर जायचं आहे त्यांनी दुसऱ्या वर्षापासूनच प्रत्येक सत्राची गुणपत्रिका नाव, आसन क्रमांक आणि क्रेडिटसह ताडून पाहावी आणि चूक दिसली की त्याच आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.