आधी थालीपीठ, मग भारतीय न्याय संहिता

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्री पावणेआठला मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला एक मेसेज लिहायला घेतला. विषय नेहमीचाच. माझ्या पार्किंगच्या कोपऱ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची करडी ॲक्टिवा. हिंजवडीहून निघून बावधन, चांदणी चौक करत कोथरूडला पोचायला पावणेदोन तास लागलेले, एसी बंद, पुढच्या डंपरच्या मागे 'बघतोस काय' लिहिलेलं तेच तासभर बघतोय, आणि गेटातून आत आलो तर ही बया साइड स्टँडवर, मान वाकडी करून, माझीच वाट बघत असल्यासारखी उभी.

मेसेज चांगला ऐसपैस झाला. 'सर्व सन्माननीय सभासद' पासून सुरुवात, मग २०१९ पासूनचा पार्किंगचा इतिहास, मग 'संस्कार' (पुण्यात भांडणात संस्कार आले की प्रकरण पेटलं समजायचं) आणि शेवटी भारतीय दंड संहिता. कलम माहीत नव्हतं म्हणून 'संबंधित कलमांन्वये' असं भारदस्त लिहून टाकलं. बायको मागून वाचत होती. म्हणाली, "अरे दंड संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आलीये. आणि तू दुपारी जेवलायस का?"

आता या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं मी विचारलं, जरा चढ्याच आवाजात. ती काही बोलली नाही, थालीपीठ आणून ठेवलं. भाजणीचं, पाच भोकांचं, कडेला खरपूस, वर लोण्याचा गोळा आणि तो मधल्या भोकातून हळूहळू खाली उतरतोय. उजव्या हाताने तुकडा मोडला, डाव्या अंगठ्याने मेसेज तपासायला लागलो. पहिल्या घासाला 'संबंधित कलमांन्वये' जरा जास्त वाटलं, काढलं. अर्धं संपेपर्यंत संस्कार गेले. दुसरं थालीपीठ ताटात पडलं तेव्हा २०१९ ते २०२३ हा कालखंड अनावश्यक वाटायला लागला. ताक पिऊन झालं तेव्हा स्क्रीनवर फक्त 'नमस्कार' उरला होता, आणि एवढ्या रात्री नुसता नमस्कार काय टाकायचा म्हणून तोही खोडला.

खरं सांगू का, मला बरं नाही वाटलं, अपमान वाटला. म्हणजे न्याय-अन्यायाची एवढी चाड, नागरिकशास्त्राची एवढी तळमळ, आणि ती दोन थालीपिठांत विरघळते? मग आत्तापर्यंतचं बाकीचं काय? परवा सगळं सोडून कोकणात जावं असं वाटलं होतं, तेव्हा पण मी सकाळपासून दोन मारी बिस्किटांवर होतो. दोन वर्षांपूर्वी राजीनामा टाइप केला होता तो रात्री दीड वाजता. माझं वैराग्य ही मुळात ॲसिडिटीच होती की काय, अशी शंका यायला लागली.

माझी मावसबहीण व्यसनमुक्तीच्या कामात आहे. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून या शहराला हे काम नवीन नाही, पण तिच्याशी त्याबद्दल मी कधी नीट बोललो नव्हतो. तिला फोनवर थालीपिठाचं सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, दादा, आमच्याकडे याला हॉल्ट म्हणतात. हंग्री, अँग्री, लोनली, टायर्ड, या चार शब्दांची पहिली अक्षरं. प्यावंसं वाटलं की आधी थांबून स्वतःला विचारायचं, भूक लागलीये का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलोय का. म्हटलं, अगं पण मी पीत नाही. "दादा, तू मेसेज टाकतोस."

मग तिने शास्त्र सांगितलं. मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्के, पण उर्जेतली २० टक्के एकटा खातो. रक्तातली साखर खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, म्हणजे भांडायला लागतो तोच माल. आणि दमलोय म्हणून संध्याकाळी सहाला चहा मारला तर त्यातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला पण अंगात असू शकतं. हे ऐकून मी चहा सोडला नाही, पण पिताना आता जरा अपराधी वाटतं. एवढाच फरक.

तर मी फोनवर अलार्म लावले, दिवसातून चार. तिसऱ्या दिवशी क्लायंटसमोर स्क्रीन शेअर केली होती, फोन लॅपटॉपला जोडलेला, आणि सव्वाबाराला तिमाहीच्या आकड्यांवर भलीमोठी पट्टी आली, 'राग आलाय का?' मीटिंगमध्ये शांतता. मग क्लायंटकडचा एक जण (नागपूरचा निघाला नंतर) अगदी मनापासून म्हणाला, "हो, थोडा आलाय." ती मीटिंग आमची वर्षातली सगळ्यात चांगली झाली.

एकटेपणाचा अलार्म मात्र मी बघायच्या आधीच बंद करायचो. घरात बायको, ग्रुपवर ८४ मेंबर, एकटा कसला. बहीण म्हणाली, ८४ जणांशी भांडता येतं, बोलता येतं का? मी विषय बदलला. तो कोपरा, जिथे काकांची ॲक्टिवा असते ना, तिथे आधी आमच्या लेकीची स्कूटी असायची. जूनमध्ये ती नोकरीला बंगळुरूला गेली, स्कूटी विकली. असो.

इकडे बायकोने हे सगळं खाली कट्ट्यावर सांगितलं. आता सोसायटीत मी तोंड उघडलं की कुणीतरी तब्येतीने विचारतं, जेवलात का. जनरल बॉडीच्या मीटिंगला सेक्रेटरींनी अजेंड्याच्या आधी बटाटेवडे ठेवले आणि लिफ्टचा तीन वर्षं अडकलेला खर्च चाळीस मिनिटांत मंजूर झाला, आता बोला.

पण गेल्या रविवारची गोष्ट वेगळी. शनिवारी दहालाच झोपलो, साडेआठ तास गाढ. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, मटकीची उसळ, शिकरण. लेकीशी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास, तिने मांजर पाळलंय ते दाखवलं. चारही अक्षरांवर टिक. प्रसन्न चित्ताने खाली उतरलो तर ॲक्टिवा तिथेच, वर आज हँडलला दुधाची पिशवी अडकवलेली, ती माझ्या बोनेटवर ठिबकतेय.

आणि राग आला. चांगला, पोटभर जेवलेला, झोप झालेला राग. खोडायला काही नव्हतंच, दोनच ओळी लिहिल्या. 'काका, माझ्या जागेत गाडी लावू नका. आजच काढा.' पाठवलं.

मिनिटभर 'टायपिंग' दिसत राहिलं. मग काकांचा रिप्लाय आला.

'काढतो. जेवलात ना?'