वज्रेश्वरीला वीज का नाही?

दर गणपतीत फोनवर काकांचा ठरलेला प्रश्न असतो. "तुमच्या आइसलंडात जमिनीतून वीज निघते, मग आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांतून का नाही?"

रेक्याविकमधलं माझं घर भूगर्भातल्या गरम पाण्यावर तापतं. देशातल्या दहापैकी नऊ घरांचं तसंच आहे. अंघोळीच्या पाण्याला मात्र कुजक्या अंड्यांचा वास येतो, आणि पाहुण्यांना तो आधी कोणी सांगत नाही. काकांना म्हणतो, कुंडाचं पाणी अंगाला चटका देतं, पण टर्बाइन फिरवायला तेवढं पुरत नाही. त्यात घरं गरम होतील. पण भिवंडी तालुक्यात घर गरम करून कोणाला हवंय?

अशा विजेसाठी आपली खरी जागा लडाखमधलं पुगा. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने २०२१मध्ये तिथे भूगर्भातल्या विजेचा करार केला, सुरुवात १ मेगावॅटपासून. पुढच्याच वर्षी विहिरीतलं द्रव ओढ्यात गेल्याच्या बातम्या आल्या. घरच्या ग्रुपवर चर्चा सरकारच्या इच्छाशक्तीवरच अडते. विहिरीवर उभं कोण राहणार, हे कोणी विचारत नाही. तेलाची विहीर वेगळी, उकळत्या पाण्याची वेगळी. उकळत्या पाण्याच्या विहिरीत नळांत खनिजांचा थर बसतो, वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडावं लागतं. हे सगळं शिकावं लागतं.

आइसलंड ते १९७९पासून शिकवतंय. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, पहिल्या वर्षी विद्यार्थी दोन. आता तो युनेस्कोच्या छत्राखाली चालतो. सर्वाधिक माणसं पाठवली केनियाने. तिथल्या ओल्कारियात १९८१मध्ये १५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला होता, आज त्या देशाची ४० टक्क्यांहून जास्त वीज भूगर्भातून येते. शिकलेले लोक परत त्याच विहिरींवर गेले. २००५पासून तर आइसलंडच्या साथीने केनियातल्याच नैवाशाच्या परिसरात शेजारच्या देशांतल्या लोकांसाठी वर्ग भरू लागले. यात आइसलंडचाही स्वार्थ आहेच: इथे शिकलेला इंजिनिअर उद्या सल्लागार शोधताना पहिला फोन इथेच करतो. त्यात मला गैर काही वाटत नाही.

पुण्यात मी एका सरकारी खात्यात होतो, तेव्हा आमचे एक साहेब परदेशात सहा महिने शिकून आले. महिन्याभरात त्यांची बदली भांडारात झाली. शिकलेलं सगळं कपाटात.

म्हणून यंदा काकांना म्हटलं, पुग्यातली पाच माणसं इकडे पाठवा आणि त्यांच्या हुकमात लिहा: दहा वर्षं बदली नाही.

काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. खळखळून हसले. "बदली नाही? मग तुझी वीज विसर."