खारी हवा विसरू नका
पुलांवर सेन्सर बसवले की धोका आधीच कळेल, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पटलं. पण आमच्या नवी मुंबईत खरा शत्रू खारी हवा आहे. वाशीचा १९७३चा पहिला खाडीपूल आठवा, काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी केबल गंजल्या आणि अडीच दशकांत शेजारी दुसरा पूल उभा करावा लागला. काँक्रीटमध्ये लोखंडाऐवजी काचतंतूची (फायबरग्लासची) सळई घातली तर ती गंजतच नाही, वजनही लोखंडाच्या साधारण पाव. मात्र ती वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते, म्हणून डिझाइन वेगळं करावं लागतं.

घराजवळच्या छोट्या पुलाखाली ओहोटीला मी उतरून बघतो. खांबावर तांबूस ओघळ आहेत, एका जागी काँक्रीट सुटून सळई उघडी पडलीय. सेन्सरचे आकडे रोज कोण वाचणार, तेही लिहा.